सुया चालू, सुया बंद

त्या संध्याकाळी विणकाकूंच्या सुया एकदाही थांबल्या नाहीत. मी त्यांच्या शेजारच्याच खुर्चीत होते, त्यामुळे तो बारीक आवाज सतत माझ्या कानाशी होता. टक टक, टक टक. रंगीत तालीम होती, हॉलमध्ये आम्ही मूठभर माणसं. रंगमंचावर काकूंची भाची, जिला सगळे बाळी म्हणतात, स्वतः लिहिलेल्या पहिल्याच नाटकात एकटी उभी होती. आणि पडद्याच्या कडेला जे छोटं भोक आहे, त्यातून एक डोळा काकूंच्या हातांवर खिळला होता.

तो डोळा तिथे असतो हे मला माहीत होतं. बाळीला माहीत होतं. नाटकमंडळातल्या झाडून सगळ्यांना माहीत होतं. फक्त काकूंना माहीत नव्हतं.

विणकाकू आमच्या इमारतीत तळमजल्यावर कपडे दुरुस्त करून देतात. पँट आखूड करणं, चेन बदलणं, कोटाचं फाटलेलं अस्तर सांधणं. नवीन कपडा शिवत नाहीत. "नवीन काय, कोणीही शिवेल. दुसऱ्याने बिघडवलेलं निस्तरायचं म्हणजे मजा," असं म्हणतात. रिकामे हात त्यांना सोसत नाहीत. म्हणून सिनेमाला किंवा नाटकाला जाताना पिशवीत सुया आणि लोकर असतेच. अंधारात, खाली न बघता, त्या प्रसूतिगृहातल्या नवजात बाळांसाठी टोप्या विणतात. आणि सिनेमे किती बघतात म्हणाल, तर नवा लागला आणि काकूंनी पाहिला नाही असं होत नाही. गावातल्या हौशी मंडळांची नाटकं तर सोडाच, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी बसवलेली एकांकिकाही त्यांनी सोडलेली नाही.

यातूनच त्यांचं माप तयार झालं. नाटक-सिनेमा जितका कंटाळवाणा, तितक्या टोप्या जास्त. रंगला, तर हात थांबतात आणि टोपी अर्धीच राहते. सकाळी दुकान उघडलं की येणारा-जाणारा विचारतो, "काकू, किती टोप्या?"

मध्ये तो पाणबुडीचा सिनेमा आला होता. सगळी तरुण मंडळी खूळ लागल्यासारखी बघत होती. काकू म्हणाल्या, "दोन टोप्या. अर्धा सिनेमा झाला तरी हिरोचा प्राणवायू संपता संपेना. माझी लोकर संपली." त्याच्या आधीच्या भुताच्या सिनेमाला एक टोपी आणि वर शेरा, "भूत बरं होतं. जिवंत माणसांनीच जीव ओतला नाही." आणि म्हातारपणी वेगळं व्हायला निघालेल्या नवरा-बायकोचा सिनेमा, ज्याला थिएटरात माणूस नव्हतं, तो बघून आल्यावर मशीन चालवता चालवता म्हणाल्या, "टोपीच्या काठाच्या पुढे गेलेच नाही गं. तो म्हातारा चष्मा शोधायला लागला आणि बायको जागेवरून सांगते, डोक्यावर आहे. भांडण चाललंय हां दोघांचं. माझे हात तिथेच राहिले." मी दुसऱ्याच दिवशी जाऊन तो बघून आले. चष्म्याशी मीही रडले.

आता तो डोळा. आमच्या नाटकमंडळाचे दिग्दर्शक मोटार चालवायला शिकवतात. विद्यार्थ्यांना ओरडून ओरडून त्यांचं नाव ब्रेकसर पडलंय, आणि तालमीतही ते तसंच बोलतात. "इथे गियर बदला, नाटक चढावर आहे." काकूंचे हात कधी थांबतात हे सगळ्यात आधी त्यांच्याच लक्षात आलं. तेव्हापासून रंगीत तालमीला काकूंना मानाने तिसऱ्या रांगेत बसवायचं, आणि प्रॉम्प्टरने भोकाशी उभं राहून आत सांगायचं, "सुया चालू," "सुया बंद." प्रॉम्प्टर म्हणजे आमच्या कोपऱ्यावरचे औषधवाले. ज्या प्रवेशात सुया चालू, तो ब्रेकसर आखूड करायचे, नाहीतर सरळ कापायचे. गेल्या खेपेच्या खुनाच्या नाटकात त्यांनी असाच एक अख्खा पोलीस कापला आणि नाटक खरंच सुधारलं. काकूंना सांगायचं मात्र नाही अशी सक्त ताकीद होती. माणसाला कळलं की हात खोटं बोलायला लागतात, हे ब्रेकसरांचं म्हणणं, आणि ते मला पटतही होतं.

बाळीला काकूंनीच वाढवलं. तिची आई, म्हणजे काकूंची धाकटी बहीण, लांबच्या शहरात नोकरीला गेली. बस्तान बसलं की पोरीला नेते म्हणाली, ते राहूनच गेलं. एवढं आम्हाला सगळ्यांना माहीत होतं आणि त्यापुढचं कोणी विचारत नसे. आता बाळी दाताच्या दवाखान्यात काम करते, पलीकडच्या गल्लीत खोली घेऊन राहते. नाटकाचा एक कागद तिने मावशीला दाखवला नव्हता. "एकदम रंगीत तालमीला बघ," म्हणाली होती.

तर तालमीत तो प्रवेश आला. रविवारची दुपार. टेबलावर जुना फोन, वायरवाला. बाळी, म्हणजे नाटकातली बाई, हातात फडकं घेऊन येते आणि फोन पुसायला लागते. बोलत काहीच नाही. रिसीव्हर उचलून पुसते, आकडे पुसते, वायरचे वेटोळे पुसते. पुन्हा पहिल्यापासून. खूप वेळ. मग फडकं ठेवते, आतल्या दाराशी जाते आणि हसऱ्या आवाजात म्हणते, "उठलीस का गं? आत्ताच आईचा फोन येऊन गेला. तू झोपली होतीस, म्हणून उठवलं नाही. अभ्यास कर म्हणालीय." आणि अंधार.

मी श्वास धरून बसले होते. शेजारी टक टक चालूच. उलट वाढली होती. पडद्यामागून औषधवाल्यांचा दबका आवाज मलाही ऐकू आला, "चालू. अजून चालू."

तालीम संपल्यावर बाळी खाली उतरून आमच्याकडे आली. कपाळावर घाम, ओठांवर हसू. "मावशी, किती टोप्या?"

काकूंनी सुया पिशवीत कोंबल्या. त्या कधी कोंबत नाहीत, टोकांना रबर लावून ठेवतात. "उद्या सांगते," एवढंच बोलल्या आणि माझ्यासाठीही न थांबता निघून गेल्या. बाळीचं हसू ओठांवर तसंच राहिलं, काढून ठेवायचं विसरल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डोकेदुखीच्या गोळ्या घ्यायला औषधवाल्यांकडे गेले, तर त्यांचंच तोंड आजारी माणसासारखं झालेलं.

"कापला," ते म्हणाले.

"काय कापला?"

"फोनचा प्रवेश. सर म्हणाले, काकूंच्या घरचं नाटक आणि काकूंच्याच सुया थांबत नाहीत, मग परके लोक कसे थांबतील? तिथे गाणं टाकलंय."

"आणि बाळी?"

"भांडली असती तर बरं वाटलं असतं. म्हणाली, मावशीला आवडलं नसेल तर काढा. आजचा प्रयोग करते, शब्द दिलाय. पण फलकावरचं माझं नाव पुसा. त्या प्रवेशासाठीच तर बाकीचं लिहिलं होतं."

"अहो, पण मावशीला विचारायचं तरी."

"तेच म्हटलं मी. तर म्हणते, विचारलं होतं. उद्या सांगते म्हणाली. मावशी ज्याला उद्या सांगते म्हणते ते काय असतं, मला माहितेय." त्यांनी गोळ्या पाकिटात घातल्या आणि पाकीट स्वतःच्याच खिशात ठेवायला निघाले. मी हात पुढे केला तेव्हा भानावर आले.

मी तशीच काकूंकडे गेले. दार अर्धवट लोटलेलं. मशीन बंद, आणि काकू खिडकीशी बसून कालची टोपी हातात घेऊन नुसत्या बघत होत्या. टोपी कसली. वर जाताना टाके कमी करायचे असतात, म्हणजे डोक्याचा आकार येतो. ते त्यांनी केलंच नव्हतं. नुसतं विणत गेल्या होत्या, सरळच्या सरळ, लांबच लांब. मध्ये टाके सुटून भोकं पडलेली.

"हे कोणाच्या डोक्यात बसायचं?" मी म्हटलं.

"दिव्याच्या खांबाला होईल," त्या म्हणाल्या. पण हसल्या नाहीत.

मग माझ्याच्याने राहवलं नाही. ताकीद गेली उडत. मी त्यांना सगळं सांगितलं. भोक, डोळा, चालू, बंद, कापलेला पोलीस, आणि आता कापलेला फोन.

काकू आधी संतापल्या. "माझ्या हातांकडे बघत बसतात? मग नाटक कोण करतं?" आणि जराशाने, खालच्या आवाजात, "कापला ते बरंच झालं."

"काकू."

"बरंच झालं म्हणते ना. सगळ्या गावासमोर काय ते."

काकू टोपीच्या भोकात बोट घालून फिरवत राहिल्या. मग माझ्याकडे न बघता बोलायला लागल्या.

"पहिल्यांदा दर रविवारी यायचा बहिणीचा फोन. मग एखाद्या रविवारी. मग नाहीच. लेकरू विचारायचं, आईचा आला का? मी म्हणायचे, आला होता, तू झोपली होतीस. तू खेळायला गेली होतीस. काय वाट्टेल ते. तिला वाटायला नको मी फोनपाशी ताटकळतेय, म्हणून फडकं घेऊन पुसत बसायचे. आमच्याइतका स्वच्छ फोन गावात नव्हता." त्यांनी नाक ओढलं. "मला वाटायचं तिला काही कळत नाही. काल अंधारात बसलेय आणि समोर मीच. हात थांबवले असते तर मी उठून बाहेर गेले असते गं. धरून ठेवायला काहीतरी पाहिजे होतं."

"हे तिला सांगा."

"काय सांगू? की मी तुझ्याशी इतकी वर्षं खोटं बोलले? ते तर तिने आधीच लिहून ठेवलंय."

"मग तिला काय वाटतंय ते तरी ऐका. तिला वाटतंय, तुम्हाला कंटाळा आला."

यावर काकूंनी मान वर केली. "कंटाळा?" त्या म्हणाल्या. हा शब्द त्यांना खोट्यापेक्षा जास्त लागला, हे मला दिसलं. पण उठल्या नाहीत. एका गिऱ्हाइकाची पँट ओढून घेतली, शिवण उसवायला लागल्या. मी घरी आले, स्वयंपाक केला. मीठ घातलं की नाही ते आठवेना म्हणून दोनदा चव बघितली. दुपारी खिडकीतून पाहिलं तर काकूंचं दार बंद होतं आणि बाहेर पाटी उलटी केलेली. मी चपला घातल्या आणि हॉलकडे निघाले.

मी पोचले तेव्हा त्या रंगपटाच्या दारातच उभ्या होत्या, दोन्ही हातांनी पिशवी छातीशी धरून. आत आरशापुढे बाळी अर्धा चेहरा रंगवून बसलेली. ब्रेकसर गाण्याच्या ध्वनिफितीशी खटपट करत होते. औषधवाले मला बघून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. गुपित कोणी फोडलं ते त्यांना कळलं असावं.

"मावशी, प्रयोगाआधी आत यायचं नसतं," बाळी आरशातूनच म्हणाली.

"माहितेय." काकू आत गेल्या आणि रंगाच्या डब्यांमध्ये ती लांबलचक टोपी ठेवली. "ही कालची."

बाळीने ती उचलली. उलटीसुलटी केली. सुटलेल्या टाक्यांवरून बोट फिरवलं. विणकाकूंच्या घरात वाढलेली पोर ती, सुटलेला टाका म्हणजे काय हे तिला सांगायला लागत नाही. तरी आवाज कडकच होता. "चालू होत्या सुया."

"हात चालू होते. डोकं नव्हतं. बघ, टोपी व्हायचीच राहिलीय."

ब्रेकसर मध्ये पडले. "काकू, तुमच्या शब्दाला मान आहे, पण आता गाणं बसवलंय. प्रकाशवाल्याला सांगून झालंय. भर रस्त्यात उलट वळायचं म्हणजे..." ते बाळीकडे वळले. "आणि खरं सांगू? मला स्वतःला भीती वाटते त्या प्रवेशाची. एवढा वेळ कोणी बोलत नाही. लोक हसले तर तिथेच नाटक बंद पडेल, आणि तुझं पहिलंच आहे. पण गाडी तुझी. तू म्हणशील तसं."

बाळी आरशासमोरून उठली. मावशीसमोर येऊन उभी राहिली. एक गाल रंगवलेला, एक नाही.

"तू सांग, मावशी. ठेवू का काढू?"

खोलीत गाण्याच्या यंत्राची नुसती घरघर. काकू हो म्हणाल्या तर संध्याकाळी अख्खं गाव बघणार होतं की वर्षानुवर्षं इथे कोण खोटं बोलत होतं, आणि बघून माना वळणार होत्या त्या तिसऱ्या रांगेकडेच. नाही म्हणाल्या तर ही पोर पुन्हा लिहिणार नव्हती. त्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या. बोट पांढरं पडलं.

"तू चुकीचं पुसतेस," त्या शेवटी म्हणाल्या.

"काय?"

"फोन. तू रिसीव्हर उचलून पुसतेस. मी कधी उचलला नाही. उचलला की समोरच्याला लाइन बिझी लागते." त्या थांबल्या. "नेमका तेवढ्यात तिचा फोन आला तर?"

ब्रेकसरांनी हात लांब करून यंत्र बंद केलं. बाळी खाली बसली, आरशाकडे तोंड केलं आणि राहिलेला गाल रंगवायला घेतला. रेघ वाकडी गेली. ती पुसून तिने पुन्हा काढली.

संध्याकाळी हॉल भरला. काकू तिसऱ्या रांगेत, मी शेजारी, पिशवी त्यांच्या मांडीवर. बंद. फलकावर बाळीचं नाव होतं, खडूने नुकतंच पुन्हा लिहिल्यासारखं. पहिला भाग बरा गेला, लोक दोनचार ठिकाणी हसले. नाटकात एक शेजारीण आहे, सारखी बोलत असते आणि सारखी काहीतरी उसनं मागायला येते. तिच्यावर फार हसले. मला त्यात एवढं हसण्यासारखं काही वाटलं नाही.

मग ती दुपार आली. फोन. फडकं. बाळी पुसायला लागली. आकडे, कडा, वेटोळे. रिसीव्हरच्या खाली फडक्याचं टोक अलगद सरकवायची, पण रिसीव्हर हलू द्यायची नाही. शांतता लांबत गेली. कुणीतरी खाकरलं. मागच्या रांगेतला एक माणूस शेजारच्याला पुरेशा मोठ्याने म्हणाला, "विसरली वाटतं." त्या रांगेत खसखस पिकली आणि पुढच्या रांगेत पसरली. पडद्याच्या भोकात डोळा होता, आणि त्याच्यामागे ब्रेकसर गाण्याच्या बटणावर बोट ठेवून उभे असतील हे मला न बघताही कळत होतं.

काकूंनी माझं मनगट धरलं. असं धरलं की बांगडी रुतली.

बाळीने घाई केली नाही. हसू कानावर पडलं असणारच. ती पुसत राहिली. एकदा थांबली, फोनकडे बघितलं, जणू आता वाजेल. फडकं वर धरलं, रिसीव्हरला नुसता स्पर्श झाला तर चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. आणि त्या क्षणी हॉलला कळलं. कसं ते मला सांगता येणार नाही. मागचा माणूस गप्प झाला, मग त्याची रांग, मग सगळे. ती दाराशी गेली आणि हसऱ्या आवाजात म्हणाली, "उठलीस का गं?" तेव्हा माझ्या पुढच्या खुर्चीतली बाई तोंडावर हात दाबून बसलेली होती.

काकू रडल्या नाहीत. अंधार झाल्यावर त्यांनी माझं मनगट सोडलं आणि कुजबुजल्या, "आता बरोबर पुसलं."

प्रयोगानंतर टाळ्या झाल्या, फार नाही. एकदोघं फारच संथ आहे म्हणत गेले. बाहेर पडताना काही जणांनी काकूंकडे बघितलं आणि नजर वळवली. काकूंनी कोणाचीच नजर चुकवली नाही. औषधवाले धापा टाकत आले. "काकू, सुया दिसल्याच नाहीत. मी आत सांगू तरी काय?"

"बघायचं काम तुमचं," काकू म्हणाल्या. "आणि ते भोक बुजवा आता. मी ठिगळ देते."

दुसऱ्या दिवशी मी माझी दुरुस्तीला टाकलेली पडद्याची झालर आणायला गेले, तेव्हा बाळी खाली बसली होती, दोन्ही हात पुढे धरून. काकू ती बिघडलेली टोपी उसवून लोकर तिच्या हातांवर गुंडाळत होत्या. लोकर वाया घालवणं त्यांना जमत नाही.

"उद्या सांगते म्हणाली होतीस. सांग आता," बाळी म्हणाली. "किती टोप्या?"

"दुसरा भाग लांबलाय. शेवटी ती शेजारीण फार बडबडते. तिला काप." माझ्याकडे बघत म्हणाल्या. मी झालर तपासत राहिले. शिवण छान होती.

लोकर फिरत राहिली. मग काकूंनी विचारलं, फार सहज विचारल्यासारखं, "तुला कधी कळलं गं? फोन येत नाही ते?"

"दुसरीत असताना."

"कशावरून?"

"तू म्हणायचीस, आई म्हणाली अभ्यास कर." बाळीने हात जरा वर केले, लोकर अडकत होती. "आईने मला कधीच अभ्यास कर म्हटलं नव्हतं. म्हटलं, हा फोन मावशीचाच."

काकूंचा हात थांबला. लोकरीचं टोक बोटात तसंच राहिलं. "मग इतकी वर्षं मुकाट्याने अभ्यास का करत बसलीस?"

"फोन आला होता ना," बाळी म्हणाली.